कोण आजारी पडतो आणि किती जण आजारी पडतात

नैराश्य, चिंताविकार किंवा स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होण्याचा गंभीर मनोविकार) हे आजार मेंदूत घडतात आणि त्यांवर औषधे लागू पडतात, तर मग गरिबी, घर, नोकरी, आवाज, उष्णता यांच्याशी असलेला त्यांचा संबंध कितपत खरा मानावा, आणि तो खरा असेल तर त्यावर प्रत्यक्षात काय करता येते, असा आपला प्रश्न आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणून मी तीसहून अधिक वर्षे काम केले असून त्यातील जवळपास निम्मा काळ रुग्णालयाबाहेर, वस्तीपातळीवरील सेवेत गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हा संबंध खरा आहे, मोठा आहे आणि आजार मेंदूत घडण्याशी त्याचा कसलाही विरोध नाही. मात्र तो कुठे पाहायचा हे ठाऊक नसेल तर तो समोर असूनही दिसत नाही.

बहुतेक गोंधळ दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे होतो. एकाच कारखान्यात, एकाच पगारावर काम करणाऱ्या आणि शेजारीशेजारी राहणाऱ्या दोघांपैकी एकाला नैराश्य येते व दुसऱ्याला येत नाही, तेव्हा त्याचे कारण शोधताना आपण आनुवंशिकता, स्वभाव आणि बालपण यांकडे वळतो. ते योग्यही आहे, कारण परिस्थिती दोघांचीही सारखी आहे आणि जे सारखे आहे त्यावरून फरकाचा उलगडा होत नाही. पण एका वस्तीत नैराश्याचे प्रमाण दुसऱ्या वस्तीच्या दुप्पट का, किंवा एखाद्या देशातील आत्महत्यांचे प्रमाण वीस वर्षांत निम्म्यावर कसे आले, हे प्रश्न निराळे आहेत. माणसांची जनुके वीस वर्षांत बदलत नाहीत. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये हा भेद रक्तदाबाच्या संदर्भात मांडला होता आणि पुढे तोच विचार मानसिक लक्षणांनाही लावला गेला. कोण आजारी पडेल हे बऱ्याच अंशी व्यक्तीवरून ठरते, किती जण आजारी पडतील हे बऱ्याच अंशी परिस्थितीवरून ठरते. माझ्या खुर्चीसमोर नेहमी एकच माणूस बसलेला असतो, त्यामुळे मला रोज पहिलाच प्रश्न दिसतो. दुसरा दिसावा म्हणून मला उठून त्या माणसाच्या घरापर्यंत जावे लागले.

काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या आसपासचा एक रुग्ण माझ्याकडे येत असे. चिडचिड, सततचा थकवा, कशातच मन न लागणे आणि झोप नाही, अशी त्याची तक्रार होती. नैराश्याचे निदान बरोबर होते, औषधांची मात्राही योग्य होती, तरीही दीड वर्षात तीन औषधे बदलून झाली आणि केसपेपरवर दर वेळी ‘अंशतः सुधारणा’ एवढेच लिहिले जात होते. आमच्या समाजसेविका त्याच्या घरी जाऊन आल्या, तेव्हा दोन गोष्टी समजल्या. त्याची पाळी दर आठवड्याला बदलत होती. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात त्याला दिवसा ज्या खोलीत झोपायचे असे, तीच खोली मुलांच्या अभ्यासाची आणि स्वयंपाकाची होती. गादी गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेली असे, कारण ती पसरली की इतरांना पाय ठेवायला जागा उरत नसे. उजेड येऊ नये म्हणून त्याने खिडकीला पुठ्ठा लावला होता. पलीकडच्या बाजूला पत्रा कापण्याचे वर्कशॉप होते. दीड वर्षात मी त्याला ‘झोप लागते का’ असे अनेकदा विचारले होते. ‘कुठे झोपता आणि कोणत्या वेळी’ हे एकदाही विचारले नव्हते.

परिस्थिती मनापर्यंत कशी पोहोचते, याचे उत्तर बहुतेक वेळा अशाच साध्या तपशिलांत असते. ‘सामाजिक घटक’ हा शब्द फार मोठा आहे आणि तो वापरला की काहीतरी समजल्याचा भास होतो. मी स्वतः चार मार्ग तपासून पाहतो. या माणसाच्या झोपेचे काय होते, त्याचा दिवस कशाने आखलेला आहे, स्वतःच्या जगण्यातील किती गोष्टी त्याच्या हातात आहेत आणि मनातले सांगावे असे त्याच्याजवळ कोण आहे. हवामान, घर, रोजगार, भेदभाव यांपैकी कोणतीही गोष्ट घेतली, तरी ती अखेर यांपैकी एखाद्या वाटेनेच माणसाच्या आत शिरते, असे माझे निरीक्षण आहे.

दिवसाच्या आखणीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण बेरोजगारीचा विचार करताना केवळ पैशाचा विचार होतो आणि ही बाजू सुटते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे एक गाव होते आणि सारे गाव एका कापड गिरणीवर अवलंबून होते. १९२९-३० च्या मंदीत ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ संपूर्ण गाव एकाच वेळी बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण संशोधक आपल्या सहकाऱ्यांसह तेथे गेले आणि त्यांनी जे टिपले ते आजही या विषयातील सर्वांत बारकाईचे निरीक्षण आहे. अशा वेळी माणसे वाचन करतील, सभांना जातील, राजकीयदृष्ट्या जागी होतील, अशी अपेक्षा करणारे तेव्हा पुष्कळ होते. प्रत्यक्षात गावच्या वाचनालयाने वर्गणी माफ करूनही दोन वर्षांत पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. संशोधकांनी मुख्य रस्त्यावरच्या एका खिडकीतून लोकांची चाल मोजली. पुरुष संथ चालत, वारंवार थांबत, आणि न थांबता रस्त्याच्या टोकापर्यंत जाणारे अगदी थोडे होते. घरकाम, मुले आणि काटकसरीचा संसार सांभाळणाऱ्या स्त्रियांचा वेग मात्र त्यांच्यापेक्षा बराच जास्त होता. बहुतेक पुरुषांनी घड्याळ जवळ बाळगणे सोडले होते. दिवसभर काय केले ते तासातासाने लिहून द्यायला सांगितले, तर सकाळी उठणे, जेवण आणि झोपणे यांखेरीज बऱ्याच जणांना काही आठवत नसे.

याहोदा यांनी पुढे यावरून असा सिद्धांत मांडला की नोकरी पगाराव्यतिरिक्त पाच गोष्टी देते: वेळेला आकार, कुटुंबाबाहेरच्या माणसांशी नित्याचा संपर्क, आपल्यापेक्षा मोठ्या कामात सहभाग, समाजात एक स्थान आणि रोजची हालचाल. नोकरी गेली की या पाचही गोष्टी एकाच दिवशी जातात. म्हणूनच बेकारभत्ता मिळाला की प्रश्न सुटतो, हे खरे नाही. आणि म्हणूनच नोकरी गेलेल्या रुग्णाला मी पहिल्या भेटीत ‘उद्या सकाळी दहा वाजता आपण कुठे असाल’ असे विचारतो. पुष्कळांकडे उत्तर नसते. त्या उत्तराच्या अभावात आजाराचा जेवढा अंश असतो, तेवढा मला अनेकदा लक्षणांच्या यादीतही सापडत नाही.

आता गरिबीकडे वळतो. येथे आपली शंका रास्त आहे, कारण गरीब वस्त्यांत मनोरुग्ण अधिक आढळतात यावरून गरिबीमुळे आजार होतो हे आपोआप सिद्ध होत नाही. १९३९ मध्ये रॉबर्ट फॅरिस आणि वॉरन डनहॅम यांनी शिकागोतील रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले, तेव्हा स्किझोफ्रेनियाचे रुग्ण शहराच्या मध्यभागातील मोडकळीस आलेल्या वस्त्यांत एकवटलेले दिसले. त्या वस्त्यांनी त्यांना आजारी केले, की आजारामुळे नोकरी आणि नाती गमावून ते त्या वस्त्यांत येऊन पडले? १९६३ मध्ये गोल्डबर्ग आणि मॉरिसन यांनी ब्रिटनमधील रुग्णांच्या वडिलांची सामाजिक स्थिती तपासली, तेव्हा ती सर्वसाधारण लोकसंख्येसारखीच निघाली. खाली घसरले होते ते मुलगे. म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत आजारामुळे येणारी गरिबी हा मोठा भाग आहे. ब्रूस डोहरेनवेंड यांनी १९९२ मध्ये इस्रायलमधील स्थलांतरित समाजांचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की स्किझोफ्रेनियात ही घसरण अधिक महत्त्वाची आहे, तर स्त्रियांमधील नैराश्यात आणि पुरुषांमधील व्यसन व समाजविघातक वर्तनात परिस्थितीचा दाब अधिक महत्त्वाचा आहे. एकाच शब्दाखाली सर्व आजार एकत्र करून ‘गरिबीमुळे मनोविकार होतात’ असे म्हणणे मला म्हणूनच मान्य नाही. कोणता आजार, हे आधी विचारले पाहिजे.

तरीही कारण आणि परिणाम वेगळे करण्याची संधी कधीकधी आपोआप मिळते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या डोंगराळ भागात जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याची दरवर्षी तपासणी करीत होते. त्यांतील सुमारे चतुर्थांश मुले चेरोकी या मूळनिवासी समाजाची होती. अभ्यास सुरू असतानाच चेरोकींच्या राखीव भूमीवर एक कॅसिनो सुरू झाला आणि त्याच्या नफ्यातील वाटा समाजातील प्रत्येक व्यक्तीला मिळू लागला. कोणी काम करतो की नाही, कोणाचे मूल आजारी आहे की नाही, याचा त्या वाटपाशी संबंध नव्हता. जी कुटुंबे यामुळे दारिद्र्यरेषेच्या वर आली, त्यांच्या मुलांमधील आक्रमकता, आज्ञाभंग, चोरी यांसारखी वर्तनाची लक्षणे चार वर्षांत कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर उतरली. पण चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांत तसा फरक पडला नाही. या सुधारणेचे कारण शोधले असता, आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळू लागला, हे त्यात सर्वांत ठळक दिसले. पैसा मुलाच्या मनात थेट गेला नाही. तो पालकांच्या वेळेच्या रूपाने गेला. इंडोनेशियात २००७ मध्ये गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देण्याची योजना सुरू होऊन टप्प्याटप्प्याने पसरली, तेव्हा ती जेथे आधी पोहोचली आणि जेथे नंतर पोहोचली अशा भागांची तुलना करता आली. मदतीमुळे आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. एवढा परिणाम करणारे एखादे औषध सापडले असते, तर त्याचे नाव आज प्रत्येक डॉक्टरला पाठ असते.

सतत पैशाच्या तंगीत असण्याचा विचारशक्तीवर काय परिणाम होतो, यावरही चांगला पुरावा आहे. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर, अशा दोन्ही वेळा बौद्धिक चाचणी घेतली गेली. तोच माणूस पैसा आल्यानंतर चाचणीत सरस ठरत होता. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि माझ्या कामात त्याने एक व्यवहारी बदल घडवला. औषध वेळेवर न घेणाऱ्या, तारखा विसरणाऱ्या रुग्णाला ‘बेजबाबदार’ म्हणण्याआधी त्याच्या डोक्यात त्या आठवड्यात आणखी किती हिशेब चालू आहेत हे पाहिले पाहिजे, असे मी तरुण सहकाऱ्यांना सांगू लागलो.

मनातले सांगता येईल असे माणूस, हा चौथा मार्ग मी म्हटला. दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी स्त्रियांच्या दीर्घ मुलाखती घेऊन १९७८ मध्ये जे मांडले, ते वाचून मी हा विषय निवडला, असे म्हटले तरी चालेल. मृत्यू, घटस्फोट, घर सोडावे लागणे असे मोठे आघात तर नैराश्याला निमित्त होतातच. पण आघात झालेल्या सर्व स्त्रिया आजारी पडत नाहीत. चार गोष्टी असल्या की धोका वाढतो, असे त्यांना दिसले: वयाच्या अकराव्या वर्षाआधी आई गमावलेली असणे, घरात चौदा वर्षांखालील तीन किंवा अधिक मुले असणे, घराबाहेर नोकरी नसणे आणि जिच्याशी वा ज्याच्याशी मोकळेपणाने बोलावे अशी जवळची व्यक्ती नसणे. यांतील शेवटची बाब सर्वांत वजनदार होती. ही यादी पुन्हा वाचली तर लक्षात येईल की तिच्यात ‘कमकुवत मन’ कुठेच नाही. तिच्यात आहे ते एका स्त्रीच्या वाट्याला आलेले काम, एकटेपणा आणि फार पूर्वी झालेला वियोग. स्थलांतरितांबाबतही असेच काहीसे दिसते. ब्रिटनमध्ये कॅरिबियन वंशाच्या लोकांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण स्थानिकांच्या अनेक पट आढळते, कॅरिबियन बेटांवर राहणाऱ्यांत तसे आढळत नाही. आणि दक्षिण लंडनमधील अभ्यासात असेही दिसले की ज्या वस्तीत अल्पसंख्याकांची संख्या कमी, तेथे त्यांच्यातील आजाराचे प्रमाण जास्त. आपल्यासारखी माणसे आसपास असणे हेही एक संरक्षण आहे.

भौतिक पर्यावरणाबद्दल बोलताना मी पुराव्याचे वजन वेगवेगळे धरतो. आवाजाबाबत मला फारशी शंका नाही, कारण त्याचा मार्ग स्पष्ट आहे: तो झोप तोडतो. जागे झाल्याचे आठवत नसले तरी रात्री जाणारे प्रत्येक अवजड वाहन हृदयाची गती क्षणभर वाढवते आणि झोपेचा थर उथळ करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा, अशी शिफारस केली आहे. मोठ्या रस्त्यालगत राहणाऱ्या कुणालाही हे ऐकून आश्चर्य वाटेल इतकी ही पातळी कमी आहे. उष्णतेबाबत २०१८ मधील एका मोठ्या अभ्यासात महिन्याचे सरासरी तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की आत्महत्यांचे प्रमाण अमेरिकेत ०.७ टक्के आणि मेक्सिकोत २.१ टक्के वाढते, असे आढळले. आकडा लहान वाटतो, पण हा प्रत्येक अंशाचा आणि संपूर्ण लोकसंख्येचा आकडा आहे. शिसे हा तर उघड विषारी घटक आहे. लहानपणी शरीरात गेलेले शिसे बुद्धी आणि आवेगांवरील ताबा दोन्ही कमी करते, आणि तरीही मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणे जगातील शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ साली थांबले. हवेतील सूक्ष्म कणांचा नैराश्याशी संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, पण प्रदूषित भागातच गरिबी, गोंगाट आणि दाटीही असते, त्यामुळे त्यातील हवेचा वाटा किती हे वेगळे काढताना मी सावध राहतो.

हिरवळीबाबत मी बरीच वर्षे साशंक होतो. झाडांजवळ राहणारे लोक सुखी असतात, कारण सुखवस्तू लोकच झाडांजवळ राहू शकतात, असे मला वाटे. फिलाडेल्फियातील प्रयोगाने माझे मत बदलले. तेथे कचरा आणि झुडपांनी भरलेले ५४१ ओसाड भूखंड चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले गेले. एका गटातील भूखंड साफ करून तेथे गवत, थोडी झाडे आणि बसके लाकडी कुंपण लावले. दुसऱ्या गटात फक्त कचरा उचलला. तिसऱ्यात काहीच केले नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्या लोकांत उदास वाटत असल्याचे सांगण्याचे प्रमाण काहीच न केलेल्या भागांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी कमी झाले आणि अतिशय गरीब वस्त्यांत ही घट त्याहून मोठी होती. नुसता कचरा उचलल्याने तसा ठोस फरक दिसला नाही. येथे लोकांनी स्वतः सांगितलेली भावना मोजली आहे, डॉक्टरांनी केलेले निदान नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पण जागा निवडण्यात लोकांचा हात नव्हता, आणि माझा मूळ आक्षेप त्याने निकालात काढला.

परिस्थिती बदलल्याने ‘किती’ हा आकडा कसा हलतो, याचे सर्वांत निर्विवाद उदाहरण मात्र कुणाचेही मन बदलण्याचा प्रयत्न न करता घडले. इंग्लंड आणि वेल्समध्ये घरोघरी येणारा स्वयंपाकाचा गॅस पूर्वी कोळशापासून बनत असे आणि विषारी असे. १९६३ मध्ये तेथे ५,७१४ आत्महत्या झाल्या आणि त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक या गॅसमुळे होत्या. पुढील दशकभरात, आर्थिक कारणांसाठी, बिनविषारी नैसर्गिक गॅस आला. १९७५ मध्ये एकूण आत्महत्यांची संख्या ३,६९३ वर आली होती, आणि या काळात तेथील बेरोजगारी वाढत होती. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे ४७ होते, जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक. तेथे अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली गेली आणि पुढील वीस वर्षांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास घटले. पिकांच्या उत्पादनात त्यामुळे घट झाल्याचे दिसले नाही. ‘ज्याला मरायचेच आहे तो दुसरा मार्ग शोधतोच’ हे वाक्य मी सुशिक्षित माणसांकडूनही ऐकतो, आणि ते चुकीचे आहे. आत्महत्येची तीव्र ऊर्मी पुष्कळदा काही मिनिटे ते काही तास टिकते. त्या वेळात प्राणघातक साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. आपल्या ओळखीचे कुणी अशा अवस्थेत असेल, तर त्याला एकटे न सोडणे, अशी साधने त्याच्यापासून दूर करणे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणे, या तीन गोष्टी कोणत्याही तत्त्वचर्चेच्या आधी येतात.

व्यसनाबाबतही हेच दिसते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांपैकी जवळजवळ २० टक्के तेथे हेरॉइन किंवा तत्सम पदार्थांच्या आहारी गेले होते. ते परतल्यावर देशात व्यसनाची लाट येईल, या भीतीने सरकारने संशोधक ली रॉबिन्स यांच्याकडे पाठपुराव्याचे काम सोपवले. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले सुमारे ५ टक्केच निघाले. पदार्थ तोच, मेंदू तोच. बदलले होते ते ठिकाण, सोबतची माणसे आणि भीती. व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन बाहेर पडलेला रुग्ण त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परत गेला की काय होते, हे या व्यवसायातील प्रत्येकाने पाहिलेले आहे. ही त्याचीच दुसरी बाजू.

मात्र परिस्थिती बदलणे म्हणजे माणसे उचलून दुसरीकडे ठेवणे, असा अर्थ घेऊ नये. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतील सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांना सोडतीने निवडून काहींना चांगल्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत दिली गेली. अनेक वर्षांनंतर पाहिले तर प्रौढ स्त्रियांचे मानसिक आरोग्य सुधारले होते, मुलींचेही सुधारले होते, पण मुलग्यांमध्ये नैराश्य आणि वर्तनसमस्या उलट वाढल्या होत्या. याचे सर्वमान्य स्पष्टीकरण नाही. माझा अंदाज असा की नव्या वस्तीत मुलींना सुरक्षितता मिळाली, तर मुलग्यांकडे संशयाने पाहिले गेले आणि त्यांच्या जुन्या नात्यांची जागा कुणी घेतली नाही. पुनर्वसनाच्या योजना आखताना घरांची संख्या मोजली जाते, तुटलेले शेजार कुणी मोजत नाही, ही माझी जुनी खंत आहे. आणि माणूस जागचा हलला नाही तरी जागाच त्याच्या पायाखालून बदलू शकते. ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींनी भूप्रदेश पालटून गेला, तेव्हा घर न सोडताही घर हरवल्याचे दुःख तेथील लोक सांगू लागले, आणि तत्त्वज्ञ ग्लेन अल्ब्रेख्ट यांनी त्याला ‘सोलास्टॅल्जिया’ असे नाव दिले. निदानाच्या यादीत हा शब्द नाही, पण पूर, धूप आणि दुष्काळ पाहिलेल्या माणसांशी बोलताना त्याची आठवण होते.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, काय करता येते हा. पहिली गोष्ट म्हणजे औषधे थांबवू नयेत. कारण परिस्थितीत असले तरी उपचार मेंदूवर लागू पडतो, जसे दूषित पाण्याने आलेल्या अतिसारावरही औषध घ्यावेच लागते. दुसरी गोष्ट, उपचारातच परिस्थितीला जागा देता येते. झिम्बाब्वेत मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी वस्तीतील वयस्क स्त्रियांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून रुग्णांशी बोलण्याची पद्धत उभी केली. तेथे नैराश्याला लोकांच्या भाषेत ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणे, असे म्हणतात. या आज्या लक्षणांपासून सुरुवात करीत नाहीत; सर्वांत जास्त सतावणारी अडचण कोणती आणि तिच्यावर या आठवड्यात कोणते एक पाऊल टाकता येईल, हे त्या रुग्णाबरोबर ठरवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर या रुग्णांची लक्षणे नेहमीची सेवा घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. तिसरी गोष्ट दवाखान्याच्या हातात नाही. रात्रीच्या वाहतुकीचे नियम, पाळ्यांचे वेळापत्रक, घरांचे किमान क्षेत्रफळ, कीटकनाशकांचे परवाने, आजारपणातील वेतन, हे सर्व निर्णय मानसिक आरोग्याचा उल्लेखही न करता घेतले जातात आणि तरीही त्याचा आकडा ठरवतात. जगभरातील सरकारे आरोग्याच्या अंदाजपत्रकातील साधारण २ टक्केच मानसिक आरोग्यावर खर्च करतात. ते वाढले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण ते दुप्पट झाले आणि हे इतर निर्णय जसेच्या तसे राहिले, तर आमच्या दवाखान्यांसमोरची रांग फारशी आखूड होणार नाही, असे माझे मत आहे.

अपेक्षा नेमक्या ठेवाव्यात हेही सांगितले पाहिजे. कॅनडात पाच शहरांतील दोन हजारांहून अधिक बेघर मनोरुग्णांवर एक प्रयोग झाला. आधी व्यसन सोडा, आधी औषध घ्या, अशी अट न घालता काहींना थेट घर आणि आधार दिला गेला. ते घरात टिकून राहिले, आणि तुलनेच्या गटापेक्षा कितीतरी जास्त टिकले. पण आजाराची लक्षणे दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली. घराने आजार बरा केला नाही. घराने घर दिले, आणि उपचारांसाठी सापडेल असा पत्ता दिला; माझ्या मते तेवढ्यासाठीही ते द्यायला हवे.

वर सांगितलेल्या रुग्णाच्या बाबतीत मी चौथे औषध सुरू केले नाही. त्याला कायम एकाच पाळीत ठेवावे, असे वैद्यकीय प्रमाणपत्र लिहून दिले. ते मान्य व्हायला पाच महिने लागले आणि त्यासाठी आमच्या समाजसेविकेला तीनदा त्याच्या व्यवस्थापकाला भेटावे लागले. खोली तीच राहिली, वर्कशॉपही तिथेच आहे, पण आता तो रात्री, वर्कशॉप बंद असताना आणि मुले झोपलेली असताना झोपतो. त्यानंतर तीन महिन्यांनी झोपेची गोळी बंद करता आली. नैराश्याचे औषध तो अजूनही घेतो.